निळा फेरा

थर्झाने गालिचा दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलला आणि बैठकीच्या खोलीतल्या लाकडी जमिनीवर दाणकन आपटला. गालिचा पसरला. क्षणभर वाटलं, बसला. मग त्याच्या कडा सावकाश वर यायला लागल्या, सगळीकडून सारख्या, आणि वीतभर उंच होऊन थांबल्या. चुलीमागे झोपलेली मांजर उठली, कड ओलांडून आत उतरली, दोनदा गोल फिरली आणि त्या खोलगट भागात अंग मुडपून बसली.

दारात उभी असलेली लोव्हिना हसली. मोठ्याने नाही, नाकातून. पण हसली.

"हस," थर्झा म्हणाली. "पोटभर हस. अख्खा हिवाळा राबून मांजरीला पाळणा केला मी."

"मी मांजरीला हसले."

"जानेवारीपासून या घरात कुणाचे दात दिसले नाहीत, आणि तुला हसायला हाच मुहूर्त सापडला!"

लोव्हिना थर्झाची नणंद, हायरमची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी बोस्टनला टेलिफोनच्या कचेरीत लागली ती केस पिकल्यावर परत आली, आणि तेव्हापासून मागच्या खोलीत राहत होती. घर तिच्याही बापाचं होतं, त्यामुळे तिला जा म्हणायची सोय नव्हती. ही गोष्ट थर्झा दिवसातून एकदा तरी मनात म्हणत असे.

रविवार होता. चर्चहून येऊन, कालच्या भाजलेल्या घेवड्याचं मडकं पुन्हा गरम करून जेवणं उरकली होती. हायरम जेवल्या जेवल्या रानातल्या खोपटात मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायला निघून गेला होता. मेपलच्या रसाला रविवार कळत नाही, हे त्याचं दरवर्षीचं वाक्य. यंदा ते म्हणताना तो नेहमीपेक्षा घाईने टोपी घालून बाहेर पडला. वरच्या मजल्यावर लेकीची, आर्डिथची पावलं वाजत होती. कपाटापासून पलंगापर्यंत, पलंगापासून कपाटापर्यंत. उद्या सकाळच्या गाडीने ती बोस्टनला चालली होती, तिथल्या रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला. थर्झाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की उद्या निरोप द्यायला मला खाली बोलवू नका. मी येणार नाही.

आणि हा गालिचा त्याच आर्डिथच्या लग्नाचा होता.

या घरातून लग्न होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीबरोबर एक गालिचा जात असे. विकतचा नव्हे. घरातल्या सगळ्यांचे जुने लोकरी कपडे फाडून पट्ट्या करायच्या, तीन पट्ट्यांची वेणी घालायची, आणि ती वेणी मधल्या गुंडाळीभोवती गोल गोल फिरवत तागाच्या दोऱ्याने सांधत जायचं. वेणी लोव्हिनाने घालायची आणि सांधायचं थर्झाने, हे ठरलेलं. लोव्हिनाची वेणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची येई, आणि थर्झाच्या कामात दोरा शोधून सापडत नसे. एरवी दोघींचं कशावर म्हणून एकमत होत नसे. अंडं किती उकडावं यावरही नाही.

सांधताना एकच गोष्ट सांभाळायची असते. फेरा मोठा होत जातो तशी बाहेरच्या वेणीला जास्त लांबी लागते, म्हणून मधूनमधून तिच्या पेडांमधली एक फट सोडून दाभण पुढच्या फटीत घालायचं. तेवढी ढील मिळाली की गालिचा ताटासारखा बसतो. हात आखडला की कडा उठतात आणि वाटी होते. त्या खोऱ्यात कुणाच्या घरी असा वाटी झालेला गालिचा दिसला, तर बायका तिथे काही बोलत नसत. घरी परतताना मात्र एकमेकींना विचारत, "सांधताना कुणाशी भांडत होती गं ही?"

म्हणूनच थर्झाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने ठरवलं होतं ते वेगळंच. लग्न मोडलं तरी गालिचा पुरा करायचा, बैठकीत मधोमध अंथरायचा, आणि उद्या जाताना आर्डिथला त्याच्यावर पाय देऊन बाहेर पडायला लावायचं. काय सोडून चाललीस ते बघ, असं तोंडाने न बोलता सांगायचं. आता पोरीला आईने केलेली वाटी दिसणार होती.

"वेणी जाड झालीय तुझी," ती लोव्हिनाला म्हणाली.

"वेणी आहे तशीच आहे. मोजून बघ."

"मग मला सांधता येत नाही म्हण ना सरळ! तोंडात मिठाची गुळणी कशाला?"

"सांधता येतं तुला. हात आखडलाय तुझा, एवढंच."

"आखडणार नाही तर काय होईल? आखडवला कुणी?"

इतके दिवस कोंडलेलं आता दार मोडून बाहेर आलं. जानेवारीत ती खालच्या गावात दुकानात गेली होती, मीठ आणि रॉकेल आणायला. दुकानदाराची बायको गल्ल्यामागून म्हणाली, "अभिनंदन गं थर्झा, आर्डिथ पास झाली म्हणे! बोस्टनच्या रुग्णालयात घेतलं तिला!" दुकानात चार बायका होत्या. थर्झाने हसून मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. मिठाची पिशवी उचलली, बाहेर आली आणि रॉकेल तिथेच विसरली. शेजारच्या टेकडीवरच्या क्लेटनशी आर्डिथचं लग्न ठरलेलं होतं. दोन्ही शेतांमध्ये फक्त एक दगडी बांध. पोरगी हाकेच्या अंतरावर राहणार होती. आणि घरी येऊन विचारलं तर कळलं, की परीक्षेला तिला आपल्या मोटारीतून लोव्हिनाच घेऊन गेली होती. घरी काय सांगितलं होतं, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," थर्झा म्हणाली. "माझ्याच घरात खाऊन माझीच पोर फोडलीस. पोटची असती तर कळलं असतं तुला."

लोव्हिनाचा चेहरा जरा पांढरा झाला. तिने एप्रनला हात पुसले. ते ओले नव्हते.

"पोर फुटली नाही. मोठी झाली."

"शहाणपणा शिकवू नकोस! राखाडी फेऱ्यापर्यंत हा गालिचा सपाट होता. मला आठवतंय. हायरमच्या सैन्यातल्या कांबळ्याची वेणी तू घालत होतीस, आणि त्याच आठवड्यात मला कळलं. त्या दिवसापासून मी टेबलावर काम केलं नाही. तुझं तोंड दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून मांडीवर घेऊन सांधलं. मांडीवर घेतलं की वाटी होणारच. म्हणजे कुणामुळे झाली ही?"

"मी तर सांधायला हातही लावला नाही."

"तेच तर! हात न लावता केलंस!"

यावर लोव्हिनाला पुन्हा हसू येत होतं. तिने ते गिळलेलं थर्झाने पाहिलं. आणि मग थर्झा आत गेली आणि शिवणाच्या टोपलीतली कात्री घेऊन आली. मांजरीला मानगुटीला धरून बाजूला केलं आणि गालिचा उलटा केला.

"काय करतेस?"

"उसवते. राखाडीपर्यंत उसवते आणि तुला दाखवते. आतला भाग सपाट बसला, की तुझं पाप तुझ्या पदरात."

"आज रविवार आहे, थर्झा."

"रविवारी सुई धरू नये म्हणतात. कात्रीबद्दल धर्मोपदेशक काही बोलले नाहीत."

ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि शेवटचा सांधा कापला. लोव्हिना थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग समोर येऊन बसली, कारण एवढा जड गालिचा एकटीला फिरवत उसवता येत नाही. थर्झा कापायची, लोव्हिना वेणी ओढून मागे टाकायची. सगळ्यात बाहेरच्या फेऱ्याचा तांबडा चौकडा निघाला, हायरमच्या शिकारीच्या कोटाचा. मग पिवळट शाल. मग तपकिरी. वेणी लांबत लांबत त्यांच्यामागे साचायला लागली. थर्झा दोरा कापत नव्हती, तोडत होती. कात्री बाजूला ठेवून मधूनच बोटांनी ओढत होती, आणि तागाचा दोरा करंगळीला कापत होता तरी तिचं लक्ष नव्हतं.

आर्डिथ खाली आली ती पाणी प्यायला. बैठकीच्या दारात थबकली. आईची पाठ, आत्याचा चेहरा आणि जमिनीवरचा तो पसारा तिने पाहिला.

"आत्या," ती म्हणाली, "आईला विचार, माझे जाड मोजे कुठे ठेवलेत."

"तिला सांग," थर्झा मान वर न करता म्हणाली, "जिला परीक्षेची वाट सापडली तिला मोजेही सापडतील."

आर्डिथ काही क्षण तिथेच उभी होती. वीस वर्षांची, बापासारखी उंच, आणि हनुवटी मात्र थेट आईची. हनुवटी पुढे करून ती पाणी न पिताच वर गेली.

"दुसऱ्या खणात आहेत," लोव्हिना जिन्याकडे बघून मोठ्याने म्हणाली.

"लाडावून ठेव."

राखाडी फेरे आले. थर्झाने शेवटचा राखाडी सांधा कापला आणि वेणीचं टोक मोकळं केलं. गालिचा आता अर्ध्याहून लहान झाला होता. तिने तो उचलला, गुडघ्यांवर सरकत मोकळ्या जागेत नेला, सपाट ठेवला आणि दोन्ही तळवे काढून घेतले.

कडा उठल्या.

लोव्हिना काही बोलली असती तर बरं झालं असतं. थर्झाने तळव्याने कड दाबली. सोडली. पुन्हा उठली.

"मांडीवर घेतल्याने आतलाही ओढला गेला असेल," थर्झा म्हणाली.

"असेल."

"असेल काय असेल! ओढला गेलाय. आणखी दोन फेरे."

तपकिरी पँटची वेणी निघाली. मग हिरवी. हिरवी म्हणजे आर्डिथचा शाळेतला कोट. त्याची बाही फाटली होती आणि थर्झाने ती दोनदा सांधून दिली होती. डिसेंबरात नाताळच्या आधी सांधलेला भाग हा. तेव्हा ती टेबलावर बसून काम करत होती, समोर लोव्हिना वेणी घालत होती, दोघी लग्नाच्या केकमध्ये बेदाणे घालावेत की नाहीत यावर वाद घालत होत्या. जगात सगळं जागच्या जागी होतं. हिरवे फेरे निघाले. उरलेला तुकडा तिने जमिनीवर ठेवला.

आता तो लहान होता, म्हणून खोलगटपणा जास्तच दिसत होता. कणीक मळायला घ्यावी असा.

थर्झा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला आठवलं. नोव्हेंबरातच, टेबलावर असतानाच, कड उठायची आणि ती तिच्यावर इस्त्री ठेवायची. लोव्हिना म्हणाली होती, जरा गोळा होतंय का गं? आणि थर्झाने तिला झापलं होतं, की कापड नवं धुतलेलं आहे, बसेल आपोआप. रोज सकाळी इस्त्री उचलायची, काम करायचं, रात्री इस्त्री ठेवायची. आणि सगळ्यांना सांगायचं, बसेल.

"कात्री इकडे दे," ती म्हणाली. कात्री तिच्याच हाताशी होती.

राहिलं होतं ते निळं. मधल्या काळ्या गुंडाळीभोवती निळ्याचे तीन-चार फेरे, आणि त्यांचा दोरा कापायला कात्रीचं टोक आत शिरेना. दोरा इतका ओढलेला होता की वेणीत रुतून बसला होता. तिने टोक खुपसलं, कापड कापलं गेलं. तिने शिवी दिली. रविवारी, बैठकीत. लोव्हिनाने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

एकही फट सोडलेली नव्हती. पहिल्या निळ्या सांध्यापासून शेवटच्यापर्यंत, एकदाही नाही. ढील म्हणून दिलेली नव्हती. गालिचा सांधायला बसलेली दहा वर्षांची पोरही एवढी चूक करत नाही. तिची आई तिला पहिल्याच दिवशी टपली मारून सांगते. थर्झाने चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तिने निळं सगळं कापून मोकळं केलं आणि आतला काळा भाग जमिनीवर ठेवला. सासूच्या चर्चच्या झग्याची ती गुंडाळी बशीसारखी बसली. कुठेही कड उठली नाही.

वरच्या पावलांचा आवाज थांबला होता.

"नोव्हेंबरातलं आहे हे," थर्झा म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. "तेव्हा तर आर्डिथ कुठे जातच नव्हती."

लोव्हिनाने निळी वेणी हातात घेतली, तिचं टोक सोडलं आणि तिन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या. आतल्या बाजूला, जिथे ऊन लागलं नव्हतं, रंग अजून गडद होता. नवाच. जवळजवळ न वापरलेल्या कापडाचा असतो तसा.

"चिंध्यांच्या पोत्यात काळं संपलं तेव्हा तू वर गेलीस आणि हे घेऊन आलीस," लोव्हिना म्हणाली. "मी विचारलं, हे कापायचं? तर म्हणालीस, कसर खाते त्यापेक्षा."

"मग? खातच होती."

"कुठे खाल्लंय दाखव."

थर्झाने दाखवलं नाही. ते निळं म्हणजे जाकीट आणि घागऱ्याचा जोड, तिने शिवला होता त्याला तीसच्या वर वर्षं झाली होती. गावातल्या शिंपिणीकडे कापून घेतला होता आणि शिवला मात्र स्वतः, माहेरी, गवत कापणीच्या दिवसांत, बाप झोपल्यावर. लोव्हिनाने आणि तिने मिळून टेलिफोनच्या कचेरीत अर्ज केला होता. दोघींनाही बोलावलं होतं. दोघींनी खोलीही मिळून घ्यायची ठरवली होती, एका विधवा बाईच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. त्या सकाळी थर्झा निळा जोड घालून, पिशवी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. खाली बाप चहा पीत होता. तो काही बोलला नव्हता. त्याने फक्त आपली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती.

गाडीची शिटी तिला जिन्यावर ऐकू आली. मग तिने जोड उतरवला आणि गाईंचं दूध काढायला गेली. पुढच्या वसंतात हायरमने विचारलं. हायरम चांगला माणूस होता. अजूनही होता.

"तू स्टेशनवर होतीस," थर्झा म्हणाली.

"हो."

"गाडी सुटली तेव्हाही होतीस."

"डब्याच्या पायरीवर उभी होते. एक पाय खाली, एक वर. गार्ड ओरडत होता."

"मग आली का नाहीस?"

लोव्हिनाने तिच्याकडे पाहिलं.

"टेकडी चढून यायचं होतंस!" थर्झा ओरडली. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मांजर पळाली. "यायचं होतंस, दार वाजवायचं होतंस! म्हणायचं होतंस, थर्झा, चल! त्या म्हाताऱ्याने तुला गिळलं असतं का? दुसरी गाडी दुपारी होती! तू आपली बसलीस आणि गेलीस. वर नाताळला पत्रं! आज काय खाल्लं, समुद्र कसा दिसतो, कुठली टोपी घेतली! आणि आता येऊन माझ्या पोरीला मोटारीत बसवतेस, आणि मी तुझे आभार मानायचे?"

तिला धाप लागली. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"मला तुझ्या बापाची भीती वाटली," लोव्हिना म्हणाली. मग म्हणाली, "मी आले असते तर तू आली असतीस?"

थर्झाने तोंड उघडलं. हो म्हणायला उघडलं होतं. मग नाही म्हणायला. तिला दोन्ही म्हणता येईना.

"ते मला कळलंच नाही ना कधी," ती शेवटी म्हणाली. "तेच तर तू मला कळू दिलं नाहीस."

लोव्हिनाने मान हलवली. तिने वाद घातला नाही. हे तिच्याकडून पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणून या वेळी मोटार काढली," ती म्हणाली. "वाटलं, एकदा तरी वेळेवर जावं दारात. तुला सांगायला हवं होतं, हे खरं. सांगायला भ्याले. त्याही बाबतीत मी होते तशीच आहे."

थर्झाचा राग गेला नव्हता. गेला असं म्हणणं खोटं होईल. पण जानेवारीपासून तो जिथे ठेवला होता तिथे आता तो मावेना, आणि दुसरीकडे ठेवायला जागा शोधताना तिला आपल्याच घरात परक्यासारखं वाटायला लागलं. नोव्हेंबरात पोरगी शेजारच्या टेकडीवर राहायला चालली होती. आयुष्यभर रोज दिसणार होती. तेव्हा आपण खूश होतो, हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सांगता सांगता निळ्या वेणीत दोरा रुतेपर्यंत ओढत होतो. पोरगी राहणार म्हणूनही चिडलो होतो. जाणार म्हणूनही चिडलो. मग पोरीने करावं तरी काय?

वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, मग धप्प, मग आर्डिथचं चिडून काहीतरी पुटपुटणं.

थर्झा उठली. गुडघे धरले होते, म्हणून लोव्हिनाच्या खांद्यावर हात ठेवून उठली, आणि ठेवलेला हात दाबला की नुसता टेकला ते लोव्हिनालाही नीट सांगता आलं नसतं. तिने जमिनीवरची निळी वेणी गोळा केली. लोव्हिनाने सोडलेलं टोक पुन्हा घट्ट वळलं, गाठ मारली.

"ते कशाला?" लोव्हिनाने विचारलं.

"तुला सगळं सांगायलाच हवं का?"

जिना चढताना ती मधे थांबली नाही. आर्डिथच्या खोलीचं दार उघडंच होतं. पलंगाच्या बाजूला हायरमची जुनी पेटी, तिचं झाकण बसत नव्हतं, कडी तुटलेली होती, आणि आर्डिथ तिच्यावर गुडघा रोवून पेटीला दोरी बांधायच्या खटपटीत होती. आई दारात दिसताच ती ताठ झाली.

"ही काय दोरी?" थर्झा म्हणाली.

तीन महिन्यांत ती लेकीशी सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य.

"गोठ्यातली."

"दिसतंय. शेणाचा वास येतोय. गवताच्या भाऱ्याची दोरी बांधून बोस्टनला जाणार? लोक म्हणतील, हिला घरचं कुणी आहे की नाही!"

"दुसरी नव्हती."

"विचारायला तोंड नव्हतं का?"

"तू बोलत नव्हतीस."

"सरक," थर्झा म्हणाली.

तिने ती दोरी सोडून कोपऱ्यात फेकली. निळी वेणी पेटीखालून ओढून घेतली, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. वेणी पुरली. पेटीच्या झाकणावर पाय देऊन तिने दोन्ही टोकं अशी ओढली की जुन्या लाकडाने कुरकुर केली आणि झाकण बसलं.

"आई, फार आवळतेस."

"आवळायलाच लागतं. आगगाडीत फेकतात ते सामान, ठेवत नाहीत."

आर्डिथने त्या वेणीकडे पाहिलं. "हे कुठलं? घरात कुणाचा कोट असा निळा नव्हता."

"होता."

तिने पहिली गाठ मारली. दुसरी मारण्याआधी पहिली सैल पडते, हे सगळ्यांना माहीत असतं.

"गाठीवर बोट ठेव," थर्झा म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत काढू नकोस."

आर्डिथ पेटीपाशी वाकली आणि तिने गाठीवर बोट ठेवलं. तिचं डोकं आईच्या हनुवटीला लागेल इतकं जवळ होतं. थर्झाने वेणीची दोन्ही टोकं हातात धरून ठेवली होती, आणि बराच वेळ तिने काही सांगितलं नाही.